रेषा कुठे वाकते

आहुप्याच्या कड्यांकडून उतरणारी घोड नदी आंबेगाव तालुक्यात डिंभे इथे अडवली आहे. परदेशी कापडाविरुद्धच्या आंदोलनात १९३० साली मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. जलाशयाला त्यांचंच नाव आहे. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, तेव्हा हा साठा जवळपास ३५ कोटी घनमीटर भरतो. माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पातली बाकीची धरणं मिळवली तर आकडा तीस टीएमसीच्या आसपास जातो. लाभक्षेत्र मात्र दीड लाख हेक्टरांहून अधिक आहे, जुन्नर-आंबेगावपासून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत पसरलेलं. सगळी धरणं तुडुंब भरली, कालव्यात गळती झाली नाही, उन्हानं काही उडून गेलं नाही असं क्षणभर धरलं, तरी दर हेक्टरवर पाण्याचा थर अर्ध्या मीटरहून थोडाच जास्त बसतो. एकट्या उसाला पावसासह वर्षाला दीड ते अडीच मीटर पाणी लागतं. मागणी आणि साठा यांची तोंडमिळवणी होणार नाही हे उघड आहे. त्यामुळे दर आवर्तनाला, म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या दर पाळीला, कुणाला किती हा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि दर वेळी तो तालुक्यातालुक्यांच्या ओढाताणीत सुटतो.

गणिताच्या पुस्तकात हाच प्रश्न गुंतवणुकीचं कोडं म्हणून भेटतो. भांडवल मर्यादित, ते घालायच्या जागा अनेक, प्रत्येक जागेचा परतावा निराळा. कुठे किती घातलं म्हणजे एकूण परतावा सर्वांत जास्त होईल? पैशाच्या जागी पाणी ठेवा, कोडं तसंच राहतं. ते सोडवायला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. किती पाण्याला किती पीक येतं हे आधी कळायला हवं, त्यासाठी मोजमापं घेऊन त्यांच्यावर एक रेषा बसवायची. मग त्या रेषेच्या आधारानं सर्वोत्तम वाटप काढायचं. पहिली पायरी संख्याशास्त्राच्या तासाला शिकवतात, दुसरी कलनाच्या, आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध बहुधा कुणी सांगत नाही. माझं म्हणणं त्या संबंधाबद्दलच आहे. पहिल्या पायरीवर रेषा सरळ धरायची की वाकणारी, हा किरकोळ वाटणारा निर्णय दुसऱ्या पायरीवरचं उत्तर उलटंपालटं करतो. सरळ रेषा सांगते, सगळं एकालाच द्या. वाकणारी रेषा सांगते, वाटून द्या.

एक कोडं घेऊ. आकडे कोड्यासाठी निवडलेले आहेत, कुठल्याही खऱ्या कालव्याचे नाहीत. धरणात १०० एकक पाणी आहे आणि ते दोन चाऱ्यांमध्ये वाटायचं आहे. पहिल्या चारीवर जितकं पाणी द्याल त्याच्या वर्गमूळाच्या सहापट पीक येतं. दुसरीची जमीन चांगली, तिथे वर्गमूळाच्या आठपट येतं. दोघींना निम्मं निम्मं दिलं तर एकूण पीक ९९ एकक होतं. सगळं पाणी चांगल्या जमिनीला दिलं तर १० चं आठपट, म्हणजे ८०. सर्वोत्तम वाटप आहे ३६ आणि ६४: पहिलीवर सहा सक छत्तीस, दुसरीवर आठी आठी चौसष्ट, बेरीज बरोबर शंभर. या वाटपाची खूण अशी, की दोन्ही चाऱ्यांवर शेवटच्या एकक पाण्यानं सारखीच भर पडते, साधारण अर्धा एकक. ती भर कुठे कमी आणि कुठे जास्त असती, तर कमी असलेल्या ठिकाणचं थोडं पाणी काढून दुसरीकडे वळवल्यानं फायदा झाला असता. तसा फायदा उरत नाही तेव्हाच आपण शिखरावर पोचलेले असतो. अर्थशास्त्रात समसीमांत परताव्याचा नियम म्हणतात तो हाच. बँकेतल्या ठेवीपासून खताच्या गोणीपर्यंत तो सगळीकडे लागू पडतो, पण एका अटीवर: परतावा हळूहळू घटणारा हवा.

या कोड्यातला सर्वांत मोलाचा भाग शिखराच्या आसपास आहे. दुसऱ्या चारीला ६४ ऐवजी ३३ दिले किंवा ८९ दिले, तरी एकूण पीक ९५ च्या खाली जात नाही. शिखर टोकदार नाही, पठारासारखं सपाट आहे. समान वाटप आणि सर्वोत्तम वाटप यांत फक्त एका टक्क्याचा फरक. खरी घसरण कडेला होते. सगळं पाणी दुसऱ्या चारीला दिल्यावर तिच्यावरचं शंभरावं एकक केवळ ०.४ ची भर घालतं, तर कोरड्या पहिल्या चारीवर तेच एकक सहाची भर घालू शकलं असतं, पंधरापट. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, शेतकऱ्याला एक पाणी मिळालं तर ज्वारी हाती लागते आणि कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला दहावं पाणी मिळाल्यानं फारसा फरक पडत नाही, हे लाभक्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. वाकलेल्या रेषेत तेवढंच लिहिलेलं असतं.

आता समजा, वर्गमूळाचं सूत्र आपल्याला माहीत नाही. खऱ्या आयुष्यात ते कधीच माहीत नसतं. हातात आहेत तीन हंगामांची मोजमापं: दुसऱ्या चारीवर १६, ३६ आणि ६४ एकक पाण्याला ३२, ४८ आणि ६४ एकक पीक आलं; पहिलीवर तेवढ्याच पाण्याला २४, ३६ आणि ४८. या ठिपक्यांवर सरळ रेषा बसवण्याची रीत फ्रेंच गणिती लजान्द्र यांनी १८०५ साली छापून प्रसिद्ध केली: प्रत्येक ठिपक्याची रेषेपासूनची तफावत घ्या, तिचा वर्ग करा, आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडा. आज कुठल्याही संगणकावर क्षणात होतं ते हेच. दुसऱ्या चारीची रेषा अशी काढली तर ती ठिपक्यांना इतकी जवळून जाते, की पिकातल्या चढउतारांपैकी ९९ टक्के तिनं समजावून दिले असं संगणक सांगेल. अहवालात एवढा आकडा पाहिल्यावर सहसा कुणी पुढे विचारत नाही. पण सरळ रेषेत प्रत्येक एकक पाण्याची किंमत पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी असते, आणि दुसऱ्या चारीची रेषा पहिलीपेक्षा जास्त चढाची आहे. त्यामुळे ती बिनदिक्कत सांगते की सगळं पाणी दुसरीलाच द्या, एकूण पीक १०५ येईल. प्रत्यक्षात येतं ८०. नव्व्याण्णव टक्के जुळणारी रेषा निर्णयात वीस टक्क्यांची खोट आणते, आणि ती खोट पूर्णपणे कोरड्या राहिलेल्या चारीच्या वाट्याला जाते.

अशी रेषा ओळखायची कशी? तफावतींकडे पाहून. या उदाहरणात मधला ठिपका रेषेच्या वर आहे आणि दोन्ही टोकांचे ठिपके खाली. मोजमापातल्या चुका असत्या तर त्या वर-खाली कशाही विखुरल्या असत्या. इथे त्यांना आकार आहे, कमानीचा. तफावतींमध्ये आकार दिसला तर रेषेची जातच चुकली असं समजावं. यावर एक नेहमीचा उलट सवाल येतो: मग सगळ्या ठिपक्यांतून तंतोतंत जाणारी वक्ररेषा का काढू नये? तीन ठिपक्यांतून एक पॅराबोला नेमका जातो, दहा ठिपके असतील तर नवव्या घाताचं सूत्र दहाही ठिपके गाठतं. पण ठिपक्यांबरोबर मोजणीतल्या चुकाही ते जसंच्या तसं गाठतं आणि मोजमापांच्या पलीकडे पाऊल पडताच भलतीकडे झुकतं. आपल्याच तीन ठिपक्यांतून काढलेला पॅराबोला १०० एकक पाण्याला ८० ऐवजी ७३.६ पीक दाखवतो आणि पाणी शून्य असतानाही १६ पेक्षा जास्त. टोकांना तो साफ चुकतो. तरी त्याच्या आधारानं दोन्ही चाऱ्यांचं वाटप काढलं तर उत्तर येतं ४१ आणि ५९, आणि त्या वाटपानं खरं पीक जवळपास ९९.९ येतं. सूत्र चुकीचं असूनही निर्णय जवळजवळ निर्दोष ठरला, कारण रेषा वाकते एवढं त्या सूत्राला कळलं होतं, आणि शिखर सपाट असल्यामुळे बाकीची चूक पोटात घातली गेली. अचूक सूत्र हाती लागेपर्यंत वाटपाबद्दल काहीच बोलता येणार नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

अर्थात, वक्राचा आकार ठिपक्यांच्या बाहेरूनही मिळवता येतो आणि मिळवायला हवा. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांनी पालेर्मोहून सीरीस हा लघुग्रह शोधला. ४१ दिवस तो दिसला आणि मग सूर्याच्या तेजात हरवला. एवढ्याशा निरीक्षणांवरून चोवीस वर्षांच्या गाउस यांनी तो पुन्हा कुठे दिसेल हे काढलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो तिथेच जवळ सापडला. कक्षा लंबवर्तुळाकार असते हे केपलरनं आधीच सांगून ठेवलेलं होतं, म्हणून हे जमलं. फक्त ठिपके जोडून जमलं नसतं. शेतीतही असं आधी माहीत असलेलं ज्ञान आहे. जर्मन कृषिशास्त्रज्ञ मिट्शरलिख यांनी १९०९ साली खतांच्या प्रयोगांवरून दाखवलं, की पोषण वाढवत नेलं तर पीक वाढतं खरं, पण दर पुढच्या मात्रेला वाढ कमी होत जाते आणि एका मर्यादेपाशी थांबते.

इथे जाणकार वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं १९७९ साली पीक आणि पाण्याच्या संबंधावर जी पुस्तिका काढली, तिच्यात पाण्याची तूट आणि उत्पन्नातली घट यांचं नातं चक्क सरळ रेषेचं मांडलं आहे. मग वाकण्याची गोष्ट कुठून आली? त्या पुस्तिकेतलं पाणी पिकानं प्रत्यक्ष शोषून पानांवाटे सोडलेलं आणि मातीतून हवेत उडालेलं पाणी आहे, कालव्यातून शेतात सोडलेलं नव्हे. पहिल्या पाळीचं पाणी बहुतेक मुळांना लागतं. दहाव्या पाळीचं बरंचसं मुळांखाली झिरपतं, चरातून वाहून जातं, आणि फारच झालं तर जमीन चिबड करतं. पिकानं वापरलेल्या पाण्याशी रेषा सरळ असली तरी दारे धरून सोडलेल्या पाण्याशी ती वाकतेच. आवर्तन ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या हातात असतं ते हे दुसरं पाणी.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. सुरुवातीच्या थोड्या पाण्यानं काहीच हाती लागत नाही असंही होतं. कांद्याला पोसायच्या वेळी पाणी तुटलं तर आधीचं सगळं पाणी वाया. लांबच्या चारीला थोडं पाणी सोडलं तर ते कोरड्या कालव्याच्या तळातच जिरतं. अशा ठिकाणी रेषा आधी जमिनीला चिकटून सरकते, मग एकदम चढते, मग वाकते. त्या पहिल्या भागात समान वाटप म्हणजे सगळ्यांचंच नुकसान. हे मान्य करावंच लागतं, आणि म्हणूनच आंधळं समान वाटप हे या कोड्याचं उत्तर नाही. पण उंबरठ्याची अडचण पाणी एकालाच देऊन सोडवायची गरज नसते. आवर्तनाचे दिवस मोजके ठेवून कालवा भरून वाहू दिला, टेलपासून वर पाणी देत आलं, आणि उंबरठा खाली असलेली पिकं निवडली तर ती सुटते. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीनं हेच केलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्यालाच पाणी आणि उसाला मनाई. दांडेकर, देऊस्कर आणि देशमुख यांच्या समितीनं १९७९ साली आठमाही पाण्याची शिफारस केली तीही त्याच दिशेची. बारमाही पाणी थोड्यांना देण्यापेक्षा आठ महिने जास्तीत जास्त शेतकऱ्यांना द्यावं, यामागे न्यायाची भूमिका होती आणि वाकणाऱ्या रेषेचं गणितही होतं.

मोजमापांशिवाय यातलं काहीच होणार नाही, आणि मोजमापाच्या बाबतीत मराठी माणसांचं काम जगाला दाखवण्यासारखं आहे. पीक किती आलं हे पूर्वी नजरेनं ठरत असे, रुपयात किती आणे. १९४०च्या दशकात व्ही. जी. पानसे आणि साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांनी शेतं यादृच्छिक पद्धतीनं निवडून, त्यांतला ठरावीक तुकडा कापून, वजन करून अंदाज बांधण्याची शास्त्रीय रीत भारतात रुजवली. आज पैसेवारीला आणि पीकविम्याला आधार असतो तो या पीककापणी प्रयोगांचा. पाण्याच्या बाजूनं राज्याच्या २००५ च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून, पाणी देण्याची तरतूद केली, आणि नाशिक जिल्ह्यात वाघाडच्या शेतकऱ्यांनी ते प्रत्यक्षात चालवूनही दाखवलं. चारीच्या तोंडाशी मोजलेलं पाणी आणि तिच्याखालच्या शेतात कापून मोजलेलं पीक, या दोन आकड्यांची जोडी एका कागदावर आली की एक ठिपका मिळतो. डिंभ्याच्या कालव्यांवर असे ठिपके जमत गेले तर आवर्तनाच्या बैठकीत बोलणाऱ्याला आपल्या तालुक्याची रेषा दाखवावी लागेल, आणि समोरच्याला तिच्या तफावती तपासता येतील.

पण बेरीज कुणाकुणाची करायची, हे गणित स्वतः ठरवत नाही. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. जलाशयाच्या काठावर महादेव कोळी कुटुंबं राहतात. धरणाचं पाणी त्यांच्या शेतांच्या खालच्या पातळीला आहे, कालव्यानं ते वर चढत नाही. पाणी उतरेल तशी उघडी पडणारी गाळपेर जमीन आणि जलाशयातली मासेमारी हा त्यांचा आधार. त्यासाठी झटलेल्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाणी कधी सोडलं यावर गाळपेर किती दिवस हाती राहील हे ठरतं. तेव्हा खालच्या चाऱ्यांच्या पिकात या कुटुंबांची नाचणी-हरभऱ्याची आणि माशांची भर मिळवली नाही, तर सर्वोत्तम म्हणून निघालेलं उत्तर चुकीच्या बेरजेचं सर्वोत्तम असतं. काही जण म्हणतील, त्यांचं उत्पन्न इतकं थोडं आहे की एकूण आकड्यात ते दिसणारही नाही. एकूण आकड्यात नाही दिसणार. शेवटच्या एककाच्या परताव्यात दिसेल, कारण ज्याच्याकडे कमी आहे त्याची रेषा तिथेच सर्वांत चढाची असते.

याच चौकटीत डिंभे-माणिकडोह बोगद्याचा वाद ठेवून पाहावा. माणिकडोह पुष्कळदा भरत नाही, डिंभ्याचं पाणी बोगद्यानं तिकडे न्यावं, असा तो प्रस्ताव. आंबेगावला त्यात आपलं पाणी जाण्याची भीती वाटते, खालच्या तालुक्यांना दिलासा दिसतो. ही शुद्ध गुंतवणूक आहे, आणि तिचा परतावा पावसाच्या रेषेवर अवलंबून आहे. ती रेषा कशी वाचायची याचं मोठं उदाहरण कृष्णा खोऱ्यातच आहे, कारण घोड भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. बच्छावत लवादानं १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांचे प्रवाह उतरत्या क्रमानं लावून, शंभरातल्या पंच्याहत्तर वर्षी मिळेल असं पाणी २०६० टीएमसी धरलं. ब्रिजेशकुमार लवादानं २०१० साली १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली. पंच्याहत्तर टक्क्यांना २१७३ आलं, पासष्ट टक्क्यांना २२९३, आणि सरासरी २५७८. नदी तीच, पण रेषेवर बोट कुठे ठेवलं त्यानुसार चारशे टीएमसींहून जास्त फरक पडतो, डिंभ्यासारखी बत्तीस धरणं भरतील एवढा. बोगद्यालाही हेच लागू आहे. डिंभे काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी जातं अशा वर्षांत बोगदा कुणाचंच काही न घेता पाणी वाचवतो. तो जितका रुंद आणि जितक्या खालच्या पातळीला, तितका जास्त वाहील, पण त्याच्या रुंदीच्या दर पुढच्या हाताला पुरेसं पाणी मिळेल अशी वर्षं कमी होत जातात; आणि खालच्या पातळीचा बोगदा मग सांडव्याच्या पाण्यावरून साठ्याच्या पाण्यावर येतो, म्हणजे आंबेगावच्या आणि गाळपेरीच्या वाट्यावर. रेषा इथेही वाकते. ती कोणत्या रुंदीला आणि कोणत्या पातळीला वाकते, हे डिंभ्याच्या आजवरच्या आवकेच्या नोंदींवरून काढता येतं, आणि बोगदा हवा की नको हे ठरवण्याआधी तो आलेख सातही तालुक्यांसमोर मांडला जायला हवा.